काम आमच्याकडे देताना अडणारी बिलं आधी दाखवा

बिलांची एंट्री, व्हेंडरच्या (माल किंवा सेवा पुरवणाऱ्याच्या) खात्यांचा मेळ, ऑर्डरची नोंद, ग्राहकांच्या ईमेलना पहिलं उत्तर. ही कामं तुम्ही आमच्याकडे देता किंवा द्यायच्या विचारात आहात, त्यामुळे आउटसोर्सिंगची, म्हणजे बाहेरच्या कंपनीकडून काम करून घेण्याची, ओळख करून देण्यात इथे जागा घालवत नाही. नव्या ग्राहकांकडून पहिल्या महिन्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "काम तर सोपं आहे, मग तुमच्याकडून इतक्या क्वेरी का येतात?" हे पत्रक त्याचं उत्तर देण्यासाठी काढलं आहे. उदाहरणं बिलांची घेतली आहेत, पण ऑर्डर किंवा ईमेलच्या कामालाही हेच लागू होतं.

क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारे प्रश्न, येतात, कारण काम देताना आम्हाला फक्त सरळ बिलं दाखवली जातात. नमुना मागितला की फाइलमधून दहा-बारा स्वच्छ बिलं निवडून पाठवली जातात. पीओ (खरेदीची ऑर्डर) नंबर ठळक, बेरीज बरोबर, स्कॅन सुवाच्य. तशी बिलं कोणीही भरू शकतं. वेळ खातात ती बाकीची, अडणारी.

समजा, १०० बिलांत १५ अडणारी आहेत. सरळ बिलाला ३ मिनिटं धरली तर ८५ बिलं सव्वाचार तासांत संपतात. अडणाऱ्या बिलाला १० मिनिटं धरली तरी १५ बिलांचे अडीच तासच होतात. पण त्या अडीच तासांच्या मध्ये तुमच्या उत्तराची वाट पाहणं असतं. दोन ऑफिसांच्या वेळा वेगळ्या असल्या की आमचा प्रश्न तुमचं ऑफिस सुटल्यावर पोचतो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी मिळतं. त्या उत्तरातून आणखी एक प्रश्न निघाला तर तिसरा दिवस उजाडतो. म्हणजे १० मिनिटांचं बिल तीन दिवस पडून राहतं, आणि महिन्याच्या शेवटी खाती बंद करताना नेमकी अशीच बिलं शिल्लक असतात.

तुमच्या ऑफिसात ही अडचण जाणवली नाही, त्याला कारण आहे. तिथे काम करणाऱ्या व्यक्तीला माहीत असतं की अमुक व्हेंडर वाहतूक खर्चाचं बिल नेहमी वेगळं पाठवतो, तमुक कंपनीच्या छापील बिलावर अजून जुनं नाव आहे, आणि पीओ नसलेली दुरुस्तीची बिलं कारखान्याच्या मॅनेजरला दाखवायची असतात. हे कुठेही लिहिलेलं नसतं, त्यामुळे काम बाहेर जाताना ते सोबत येत नाही.

अडणाऱ्या बिलांची यादी कशी करायची

मागच्या तीन महिन्यांची बिलं घ्या. निवडू नका, लागोपाठची २०० उचला, आणि त्यांत महिन्याचा शेवटचा आठवडा आलाच पाहिजे. क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी), उलट फिरवलेल्या एंट्री, उशिरा आलेली बिलं तेव्हाच दिसतात. ती बिलं प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीसमोर ठेवा आणि शेजारी बसून पाहा. ती जिथे थांबते, फोन उचलते, जुनी फाइल काढते किंवा "हे असंच असतं" म्हणून पुढे जाते, तिथे खूण करा आणि कारण विचारून लिहा. सलग ४०-५० बिलांत नवं कारण निघालं नाही की यादी बऱ्यापैकी पूर्ण झाली असं समजायला हरकत नाही.

विभागप्रमुखाने आठवून लिहिलेली यादी इथे चालत नाही. काम कसं व्हायला हवं, ते त्यांना नक्की माहीत असतं. कसं होतं, ते खुर्चीवर बसणाऱ्यालाच ठाऊक असतं. आणि त्या व्यक्तीला काम बाहेर का जातंय, तिच्याकडे पुढे कोणतं काम येणार, हे आधी सांगा. न सांगता शेजारी वही घेऊन बसलात तर ती अर्धंच सांगेल, आणि त्यात तिची चूक म्हणता येणार नाही.

यादीत तीनच रकाने पुरतात: काय दिसलं, काय करायचं, आणि नियमात बसलं नाही तर कोणाला विचारायचं. बहुतेक ग्राहकांच्या यादीत पुढच्या गोष्टी असतातच, तेव्हा त्यांचे निर्णय तरी आधी घेऊन ठेवा.

बिलाची रक्कम आणि पीओची रक्कम जुळत नाही. किती फरकापर्यंत आम्ही परस्पर पुढे जायचं? टक्के आणि रक्कम दोन्ही द्या, "यांतलं जे कमी असेल ते" असं लिहा. नुसते टक्के दिले तर मोठ्या बिलावर मोठी रक्कम निसटते, आणि नुसती रक्कम दिली तर छोट्या बिलात दुप्पट दरही चालून जातो.

एकच बिल दोनदा आलं आहे. सॉफ्टवेअर फक्त नंबर ताडून पाहत असेल तर ०४५७, ४५७ आणि ४५७-अ ही त्याला तीन वेगळी बिलं वाटतात. आम्ही व्हेंडर, रक्कम आणि तारीख मिळून तपासतो. पण दरमहा त्याच रकमेचं भाडं किंवा सेवाशुल्क घेणारे व्हेंडर असतील तर त्यांची नावं आधी द्या, नाहीतर तीही संशयित म्हणून बाजूला पडतात.

माल आल्याची पावती अजून यायची आहे. बिल थांबवायचं की नोंदवून पेमेंट रोखायचं? दोन्ही पद्धती बरोबर आहेत. मात्र महिन्याच्या मध्यात पद्धत बदलली तर मेळ बसत नाही.

बिलावरचा बँक खाते नंबर बदलला आहे. याबाबतीत आमचा नियम ठाम आहे आणि तुम्ही सांगितलंत तरी आम्ही तो सैल करत नाही. बिल जागच्या जागी थांबतं. तुमच्याकडे आधीपासून असलेल्या फोन नंबरवर व्हेंडरशी बोलून तुमच्या माणसाने खात्री करायची. बिलावर किंवा सोबतच्या ईमेलमध्ये छापलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, कारण फसवणूक करणारा तोही नंबर स्वतःचाच देतो. पैसे परक्या खात्यात गेल्यावर ते परत मिळवणं फार कठीण असतं.

दोन देशांच्या फाइली

०४/०५/२०२६ ही तारीख अमेरिकेत ५ एप्रिल आणि ब्रिटनमध्ये ४ मे असते. महिन्याच्या १२ तारखेपर्यंत दोन्ही अर्थ शक्य असल्यामुळे सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही, आणि पेमेंटची मुदत मात्र चुकीची लागते. म्हणून आमच्याकडच्या सगळ्या फाइलींत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२६-०५-०४. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८६०१ हेच सांगतं.

जर्मन बिलावर १.२३४ म्हणजे एक हजार दोनशे चौतीस. जपानी येन व्यवहारात दशांशाशिवाय लिहितात, तर कुवेती दिनारला तीन दशांश स्थळं लागतात. सॉफ्टवेअर सरसकट दोन स्थळांवर बसवलेलं असेल तर दिनारच्या बेरजा थोड्या थोड्या चुकत राहतात. चलनांची यादी पहिल्या दिवशीच द्या.

एक्सेलचं वेगळंच. नंबरच्या आधीचं शून्य ते गाळतं, १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं, आणि काही कोड परस्पर तारखेत बदलतं. हा त्रास किती खोलवर जातो पाहा: मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये 'मार्च१', 'सेप्ट१' अशा जनुकांची नावं बदलल्याचं जाहीर केलं, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं. तुम्ही फाइल पाठवताना सीएसव्ही (साध्या मजकुरातली फाइल) एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. सॉफ्टवेअरमधून निघाली तशीच पाठवा.

घड्याळाचंही सांगायला हवं. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क आणि लंडनमधला नेहमीचा ५ तासांचा फरक ४ तासांचा होतो. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ मागे येतं, त्यामुळे तेव्हाही एक आठवडा असाच जातो. "रोज संध्याकाळी ६ पर्यंत" एवढंच करारात असेल तर या दिवसांत वाद ठरलेला. कोणत्या शहराचे ६, ते लिहा.

आमच्या अटींबद्दल

क्वेरींची उत्तरं द्यायला तुमच्याकडून एकच व्यक्ती आणि ती रजेवर असताना दुसरी एक, अशी दोन नावं आम्ही मागतो. काहींना ही अट जाचक वाटते. पण तिघांनी तीन उत्तरं दिली तर कोणतं मानायचं, हे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. प्रश्न आम्ही दिवसातून एकदा, एकाच शीटमध्ये पाठवतो. प्रत्येक प्रश्नासोबत आमचा सुचवलेला निर्णय असतो, त्यामुळे बहुतेक वेळा तुम्हाला "हो" एवढंच लिहावं लागतं. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर दिलेली सूचना शीटमध्ये आल्याशिवाय आम्ही अमलात आणत नाही, कारण सहा महिन्यांनी ऑडिटर विचारेल तेव्हा दाखवायला ती शीटच कामी येते.

जुनी आणि नवी पद्धत एक पूर्ण मंथ-एंड (महिनाअखेरीस खाती बंद होईपर्यंत) शेजारी शेजारी चालवायची, हीसुद्धा आमची अट आहे. दुहेरी खर्च वाटतो, कबूल आहे. पण दोन्हीकडच्या आकड्यांत जो फरक निघतो, त्यातूनच यादीत राहून गेलेले नियम सापडतात. हा महिना वाचवला तर तोच शोध पुढचे चार-सहा महिने थेट तुमच्या हिशेबांत चालतो.

पेमेंटला मंजुरी देणं आणि व्हेंडर मास्टरमध्ये (व्हेंडरांच्या माहितीच्या मूळ यादीत) बँक खातं बदलणं ही दोन कामं आम्ही घेत नाही. बिल भरणारा आणि पैसे सोडणारा एकच नसावा.

अचूकतेचा आकडा विचाराल तेव्हा तो कशाचा, हे जरूर विचारा. एका बिलात २० रकाने असतील आणि प्रत्येक रकाना ९९.५ टक्के अचूक असेल, तर पूर्ण निर्दोष बिलं साधारण ९० टक्केच निघतात. रकान्याची अचूकता ९९ टक्क्यांवर आली तर निर्दोष बिलं ८२ टक्क्यांच्या आसपास येतात. "९९ टक्के" हा आकडा ऐकायला एकच, पण रकान्यांचा की बिलांचा, यावर तुमच्या माणसांचं दुरुस्तीचं काम ठरतं. आम्ही दोन्ही आकडे दरमहा देतो, आणि रक्कम, चलन, व्हेंडर या रकान्यांचे वेगळे काढतो, कारण पत्त्यातली चूक आणि रकमेतली चूक एका मापाने मोजण्यात अर्थ नाही. दरांची तुलना करताना समोरच्याकडूनही हेच मागा.

माहितीच्या सुरक्षेची जबाबदारी काम बाहेर दिल्याने संपत नाही. युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या कामासाठी आपल्यात लेखी करार लागतो, आणि तुमच्या लेखी परवानगीशिवाय आम्ही ते काम पुढे तिसऱ्याला देऊ शकत नाही. माहिती फुटली तर आम्ही विनाविलंब तुम्हाला कळवायचं, आणि लोकांना धोका संभवत असेल तर तुम्ही कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला. म्हणून सुट्टीच्या दिवशी उचलला जाणारा तुमचा एक नंबर आम्हाला हवा असतो. सगळ्यांसाठी एकच लॉगिन देऊ नका. आमच्या प्रत्येक माणसाला वेगळं द्या आणि फक्त एंट्रीपुरतं द्या.

आमच्यासकट कोणालाही विचारावा असा आणखी एक प्रश्न: इंटरनेटची दुसरी लाइन कोणत्या मार्गाने येते? जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि मध्यपूर्वेपासून भारतापर्यंत इंटरनेट मंदावलं. दोन कंपन्यांच्या लाइन एकाच समुद्रमार्गाने जात असतील तर दुसरी लाइन ऐनवेळी उपयोगी पडेलच असं नाही.

सुरुवातीला काय पाठवायचं

लागोपाठची ५० बिलं, बँक खाते नंबर झाकून, आणि केलेली असेल तर वरची यादी. ती आम्ही तपासतो, अडणारी बिलं वेगळी काढतो आणि प्रत्येक कारणासमोर एक नियम सुचवून परत देतो. काम सुरू झाल्यावर हीच यादी तुमच्या कामाची नियमवही बनते. प्रत्येक बदल तारखेसह तिच्यात चढतो आणि अद्ययावत प्रत दर महिन्याला तुमच्याकडे येते. नियमवही तुमच्या मालकीची असते. उद्या काम परत घेतलंत किंवा दुसऱ्या कोणाकडे दिलंत, तरी ती तुमच्यासोबत जाते, आणि हे आमच्या करारात लिहिलेलं असतं.