हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायची धास्ती

व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या आधी तोंड कोरडं पडतं, हात थरथरतात. बहुतेकांचं ते तासाभरात ओसरतं. काही मुलं मात्र हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणताना आवाज कापेल म्हणून लेक्चरच बुडवतात, कँटीन टाळून कोपऱ्यात एकटीच डबा खातात आणि रात्री दिवसभरात बोललेलं एकेक वाक्य उगाळत पडतात. हा सामाजिक चिंता-विकार. तो बहुधा किशोरवयातच सुरू होतो आणि ‘पोरगं लाजाळू आहे’ म्हणून घरीदारी खपून जातो.

लोक आपल्याकडे फार बघतात, हा आपल्या सगळ्यांचाच भ्रम. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना गायक बॅरी मॅनिलोचं चित्र असलेला, मिरवायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं. निम्म्या जणांनी तो पाहिला असेल, असं त्यांना वाटलं. लक्षात आला होता जेमतेम पाव जणांच्या. हा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. चिंताग्रस्त मुलाचा हा भ्रम सुटतच नाही, कारण चारचौघांत त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या धडधडीकडे असतं. समोरच्याचं हसू त्याला दिसतच नाही. तो नजर चुकवतो, कमी बोलतो. मग ‘शिष्ट आहे’ म्हणून इतरही लांब राहतात.

इथे धोका वाढतो. मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांनी 2005 मध्ये मांडलं, की ‘मी कुणाचाच नाही’ आणि ‘मी सगळ्यांना ओझं आहे’ या दोन भावना एकत्र आल्या की मरणाचे विचार बळावतात. सामाजिक चिंता असलेली बहुतेक मुलं तिथवर जात नाहीत. पण एकटेपणा आणि नैराश्य जोडीला आलं, तर ती वाट जवळ येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतले 1,764 महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक.

मला सलतं ते हे, की समुपदेशकाचं दार ठोठावणंच या मुलांना सगळ्यात जड जातं. म्हणून विचारायचं आपणच. ‘मरणाचे विचार येतात का?’ असं स्पष्ट विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, हे संशोधनातून दिसलं आहे. विकारावर उपचारही आहेत: विचार-वर्तन उपचारपद्धती, गरजेनुसार औषधं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोनवर पहिलं वाक्य सुचत नसेल, तर शेजारी बसून मित्राने तो लावून द्यावा आणि पहिलं वाक्यही त्यानेच बोलावं.