पार्श्वभूमी : बांधाच्या अलीकडचे आणि पलीकडचे अन्न

नाशिक जिल्ह्यात कृषी विभागातून आणि अन्न प्रशासनातून सध्या निवृत्त होत असलेले अधिकारी साधारणपणे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात सेवेत आले. वयाची ५८ वर्षे पूर्ण झाली की नियत वयोमानानुसार सेवानिवृत्ती मिळते, कार्यालयात शाल, श्रीफळ आणि मानपत्र दिले जाते, आणि मानपत्रात पदे, बदल्या व प्रशिक्षणे यांची नोंद असते. त्या तीन दशकांत शेतमालाकडे पाहण्याची शासनाची दृष्टी कशी बदलली आणि तो बदल गावपातळीवर कोणी प्रत्यक्षात आणला, हे मात्र मानपत्रात क्वचितच येते. या पिढीचा गौरव करायचा तर तो इतिहास आधी मांडायला हवा.

अन्नसुरक्षा आणि शेती या दोन विषयांची कागदोपत्री फारकत जुनी आहे. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याचा रोख दूध, तेल, मसाले, मिठाई अशा विक्रीस आलेल्या पदार्थांवर होता. कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, आणि त्याची अंमलबजावणी शेतीखात्याकडे गेली. वास्तविक या दुसऱ्या कायद्याचे मूळही अन्नातील विषबाधेतच आहे. १९५८ मध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नधान्यासोबत एकाच जहाजातून वाहून आणले गेले, ते गळून गव्हाच्या पिठात मिसळले आणि केरळात शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि पुढे दहा वर्षांनी कायदा झाला. म्हणजे शेतीचे औषध आणि अन्न यांचा संबंध शासनाला तेव्हाच उमगला होता. तरीही एक कायदा दुकानापाशी आणि दुसरा कीटकनाशक विक्रेत्याच्या परवान्यापाशी थांबला. शेतात फवारलेले औषध ग्राहकाच्या ताटात किती उरते, हे तपासण्याची जबाबदारी दीर्घकाळ नेमकी कोणाचीच नव्हती.

ही पिढी सेवेत आली तेव्हा तर प्रश्न उत्पादनवाढीचाच होता. रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड १९९० मध्ये सुरू झाली होती, १९९१ मध्ये महाग्रेप्स ही द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांची निर्यातीसाठीची संघटना उभी राहिली होती, आणि निफाड, दिंडोरी, चांदवड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातील बागाईतदार परदेशी बाजाराचा अंदाज घेऊ लागला होता. कृषी अधिकाऱ्याचे यश तेव्हा हेक्टरात आणि टनांत मोजले जाई. भुरी आणि डाउनी या रोगांनी बाग हातची जाऊ नये म्हणून एका हंगामात कितीतरी फवारण्या कराव्या लागत, आणि कोणत्या फवारणीनंतर किती दिवसांनी घड काढावा हा विचार बहुतेक बागांत दुय्यम होता.

तो विचार अग्रक्रमावर आला २००३ मध्ये. भारतातून गेलेल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे युरोपात आढळले आणि निर्यातीवरच प्रश्नचिन्ह उभे राहिले. अपेडा या कृषी निर्यातीसाठीच्या केंद्रीय प्राधिकरणाने पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या साहाय्याने अवशेष नियंत्रणाचा कार्यक्रम आखला आणि काही वर्षांतच ग्रेपनेट ही संगणकीय नोंदणी व्यवस्था सुरू झाली. व्यवस्था कागदावर सोपी दिसते. निर्यातीसाठी बाग राखणाऱ्या शेतकऱ्याने प्लॉटची नोंदणी करायची, कृषी अधिकाऱ्याने बागेत जाऊन पाहणी करायची, फवारणीची वही तपासायची, काढणीपूर्वी प्रयोगशाळेच्या प्रतिनिधीने नमुना घ्यायचा, आणि अवशेष मर्यादेत असल्याचा अहवाल आला तरच माल पॅकहाउसकडे, म्हणजे निवड आणि पॅकिंगच्या केंद्राकडे, न्यायचा. त्यामुळे परदेशातील दुकानात ठेवलेल्या द्राक्षांत दोष निघाला तर तो माल कोणत्या गावातील कोणत्या प्लॉटचा, इथपर्यंत माग काढता येऊ लागला.

प्रत्यक्षात या व्यवस्थेचा सारा भार कृषी अधिकाऱ्यावर होता. ज्या शेतकऱ्याला त्याने दहा वर्षे ‘फवारा’ म्हणून सांगितले होते, त्यालाच आता ‘थांबा’ म्हणून सांगायचे होते. बेमोसमी पाऊस झाला, घडात पाणी साचले, डाउनी दिसू लागला, की काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांतले ठरलेले दिवस) पाळा हे सांगणे म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांवर आणि सोसायटीच्या कर्जावर बोलणे असते. बागेतली ही रदबदली कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही. माझ्या मते या पिढीचे सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

२०१० च्या हंगामाने तर या व्यवस्थेचीच परीक्षा घेतली. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातील छाटणीनंतर, वेलीची शाकीय वाढ रोखून डोळ्यांत घडनिर्मिती व्हावी म्हणून बागाईतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड हे संजीवक (वाढीचे नियमन करणारे रसायन) वापरत. शेतकऱ्यांच्या बोलण्यात ते सीसीसी. काढणीच्या कितीतरी महिने आधी दिलेले हे संजीवक फळात सापडेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती आणि ते तपासणीच्या यादीतही नव्हते. युरोपातील प्रयोगशाळांना ते सापडले, कंटेनर बंदरांत अडकले आणि जिल्ह्यातील अनेक बागाईतदार कर्जबाजारी झाले. प्रयोगशाळेचे अहवाल निर्दोष असतानाही माल नाकारला जाऊ शकतो, हे त्या वर्षी सगळ्यांनाच कळले. युरोपीय नियमांत ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्यासाठी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. त्यानंतर सीसीसी यादीत आले, तपासायच्या रसायनांची संख्या वाढत गेली आणि हंगामापूर्वीच्या गावोगावच्या बैठकांना वेगळे गांभीर्य आले.

याच सुमारास अन्न प्रशासनाचीही घडी बदलली. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला, जुना भेसळ कायदा रद्द झाला आणि अन्न निरीक्षक हे अन्न सुरक्षा अधिकारी झाले. नमुन्याचे पूर्वी तीन भाग करत, ते आता चार झाले, जेणेकरून व्यावसायिकाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून स्वतंत्र तपासणी मागता यावी. अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा असे बंधन आले. कमी दर्जाच्या अन्नासाठी फौजदारी खटल्याऐवजी न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडून दंडाची तरतूद झाली, तर असुरक्षित अन्नासाठी तुरुंगवासाची शिक्षा कायम राहिली.

तथापि याच कायद्याच्या कलम १८ मध्ये शेतकरी, शेतीची कामे आणि शेतावरचे पीक यांना हा कायदा लागू होणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. लहान शेतकऱ्यामागे खटल्याचा ससेमिरा लागू नये, हा हेतू मला योग्य वाटतो. मात्र त्यामुळे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा अधिकार बांधाच्या पलीकडे, व्यापाऱ्याच्या हाती माल गेल्यावर सुरू होतो, आणि अलीकडे उरतो तो केवळ कृषी अधिकाऱ्याचा सल्ला. निर्यातीच्या द्राक्षांसाठी ही पोकळी नोंदणीने आणि प्रयोगशाळेने भरून काढली. पंचवटीच्या बाजार समितीत येणाऱ्या मेथी, वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरचीसाठी ती अजून तशी भरलेली नाही. अवशेषांच्या मर्यादा देशांतर्गत मालालाही आहेत, पण भाजीच्या जुडीवरून प्लॉट ओळखता येत नाही, आणि नमुन्याचा अहवाल येईपर्यंत भाजी खाऊन झालेली असते.

द्राक्षापुरती जी शिस्त या जिल्ह्यात लागली, ती परदेशी ग्राहकाच्या आग्रहामुळे लागली, हे मान्य करायला हवे. ती टिकली मात्र इथल्याच माणसांमुळे. डाळिंब, आंबा आणि भाजीपाल्याच्या निर्यातीसाठी पुढे अशीच नोंदणी सुरू झाली, तेव्हा द्राक्षबागांतला हाच अनुभव हाताशी होता. निवृत्त होणारा अधिकारी पदभार सोपवतो तेव्हा नोंदवह्या, शिक्के आणि संगणकाचे संकेतशब्द पुढच्याकडे जातात. कोणत्या गावात कोणाचे ऐकले जाते, कोणता बागाईतदार वही खरी लिहितो, पावसानंतर पहिला दूरध्वनी कोणाला करायचा, हे ज्ञान जात नाही. निरोप समारंभाच्या आधीचे काही महिने नव्या अधिकाऱ्याने जुन्यासोबत बागांमधून फिरावे, अशी रीत विभागाने पाडली तर गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी होणाऱ्या ऑक्टोबरच्या सुमारासच्या छाटणीनंतर, सुरू होणाऱ्या नोंदणीला त्याचा थेट उपयोग होईल.