शेरा, डायरी आणि डिसेंबरातलं मूल

पुण्यातल्या पीएमपीच्या बसचे मार्ग तोंडपाठ, पण पाण्याची बाटली दिवसाआड शाळेत राहते. कॉलरमागचं लेबल कापल्याशिवाय शर्ट अंगात जात नाही. पावसाळ्यात नदीकाठी ढोल-पथकांचा सराव सुरू झाला की स्वारी कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत. घरचे ‘अवली आहे’ म्हणतात आणि विषय संपतो. शाळेत तो संपत नाही. ऑगस्टच्या पालकसभेत बाई सांगतात, “याचं लक्षच नसतं. एकदा कुणाला तरी दाखवून घ्या.”

काही घरांत यावर शाळेचा उद्धार होतो, तर काही घरांत त्याच रात्री मोबाइलवर चाचणी भरून सकाळपर्यंत निदान तयार असतं. दोन्हीत घाई आहे. शेरा हा अपमान नव्हे आणि निदानही नव्हे, ती एका जागेवरून केलेली नोंद आहे. मात्र त्या जागेवरून बाईंना एकाच वयाची चाळीस मुलं एकत्र दिसतात आणि पालकांना ती कधीच दिसत नाहीत. म्हणून शेरा उडवून लावू नये, पण तो जसाच्या तसा गिळूही नये.

आधी शेरा फोडून घ्यावा. ‘लक्ष नसतं’ हा निष्कर्ष झाला. प्रत्यक्षात काय घडतं? कोणत्या तासाला, किती वेळा, किती वेळ? त्याच्या लगेच आधी काय चाललेलं असतं? फळ्यावरून उतरवतानाच चुका होत असतील तर डोळे तपासायचे. तोंडी सूचना निसटत असतील आणि जागा मागच्या बाकावर असेल तर कान. मधल्या सुट्टीनंतरच बिनसत असेल तर गोंगाट, भूक किंवा सुट्टीतली दादागिरी.

मग दोन आठवडे नोंद ठेवायची, घरीही आणि शाळेतही. चाळीस मुलांच्या बाईंकडून पानभर लिहून मिळणार नाही, तेव्हा एकच वर्तन ठरवा आणि प्रत्येक वेळी फक्त एक रेघ ओढायला सांगा. घरच्या वहीत चार रकाने करा: वेळ, आधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. बहुतेक वह्या तिसऱ्या रकान्यात फसतात. तिथे ‘हट्ट केला’ लिहिलेलं असतं, ज्यातून कुणालाच काही कळत नाही. ‘वही उघड म्हटल्यावर चार मिनिटं पेन्सिलीला टोक करत बसला, तिसऱ्यांदा सांगितल्यावर उघडली’ ही कामाची नोंद.

दरम्यान शरीर तपासून घ्यावं, कारण इथे सगळ्यात सोप्या गोष्टी सुटतात. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे साचलेला द्रव बहुधा तीन महिन्यांत जिरतो, पण तोवर ऐकू येणं साधारण २० ते ३० डेसिबलनं कमी होऊ शकतं, म्हणजे कानात बोट घालून बसल्यासारखं. जवळून बोललेलं ऐकू येतं, वर्गाच्या गलक्यात निसटतं. म्हणून ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं’ असा आरोप होतो. ऑडिओमेट्रीबरोबर (ऐकण्याची तपासणी) टिम्पॅनोमेट्रीही (पडद्याच्या हालचालीची तपासणी) करून घ्यावी. दुसरी गोष्ट झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास लागतात. सकाळी साडेसहाला उठणाऱ्याला साडेनऊला नुसतं अंथरुणावर नेऊन भागत नाही, डोळा लागलेला हवा. झोप अपुरी असली की मोठी माणसं पेंगतात, मुलं उलट उधळतात. रोज घोरणाऱ्या, तोंडानं श्वास घेणाऱ्या मुलाच्या नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी नाक-कान-घसातज्ज्ञाला दाखवाव्यात. हिमोग्लोबिनही बघावं. ५ ते ११ वर्षं वयात ते ११.५ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय.

तंद्रीचं मात्र नीट बघायला हवं. हरवलेलं मूल खांद्याला हात लावला की परत येतं. पण वाक्याच्या मध्येच थांबणं, पाच-दहा सेकंद टक लावून बघणं, पापण्या फडफडणं, हात लावूनही भान न येणं आणि मग काहीच न घडल्यासारखं पुढे सुरू होणं, हे दिवसातून अनेकदा होत असेल तर ती ॲब्सेन्स प्रकारची आकडी असू शकते. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींच्या तपासणीत, ती सहसा पकडता येते, आणि औषधानं बहुतेकदा आटोक्यात येते.

आता जन्मतारीख. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं डिसेंबरातलं मूल आणि जवळजवळ साडेसहाचं जानेवारीतलं मूल शेजारी बसतात, आणि दोघांकडून सारखंच स्थिर बसण्याची अपेक्षा असते. अमेरिकेत १ सप्टेंबर ही प्रवेशाची सीमा असलेल्या राज्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या ऑगस्टमधल्या मुलांत एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान दर दहा हजारांत ८५, तर सर्वांत मोठ्या सप्टेंबरमधल्यांत ६४. ही सीमा नसलेल्या राज्यांत असा फरक दिसला नाही. डिसेंबरातल्या मुलाला एडीएचडी नसतोच असा याचा अर्थ नाही. पण तज्ज्ञाला वय वर्षांत नव्हे, वर्षं आणि महिन्यांत सांगा.

निदानाचे निकष भाबडे नाहीत. एडीएचडीसाठी बेलक्षपणाच्या किंवा अतिचंचलतेच्या ९ लक्षणांपैकी किमान ६, किमान सहा महिने, बाराव्या वर्षाआधीपासून आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात, शिवाय त्यांनी रोजचं जगणं अडायला हवं. दोन्हीकडच्या नोंदी इथे उपयोगी पडतात. फक्त शाळेतच रेघा वाढत असतील तर आधी शाळेतच शोधा. ‘घरी तासभर कार्टून बघतो, म्हणजे लक्ष आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. पडदा दर काही सेकंदाला बक्षीस देतो, गणिताची वही देत नाही. आणि बसमार्गांचं वेड म्हणजे ऑटिझम नव्हे. त्यासाठी संवादाच्या देवाणघेवाणीतही अडचण असावी लागते.

ओळखीचे बालरोगतज्ज्ञ, मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, असा क्रम ठेवा. अहवालात चाचण्यांची नावं, गुण आणि शाळेसाठी सूचना हव्यात, नुसता बुद्ध्यांक नको. अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन किंवा गणितातली खास अडचण) प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी मिळत नाही. पुण्यात ते ससून रुग्णालयात मिळतं. मदत मात्र प्रमाणपत्रासाठी थांबवू नये.

शाळेकडे एका वेळी दोनच बदल मागा, सहा आठवड्यांसाठी: दार-खिडकीपासून दूर पुढच्या रांगेत जागा, आणि एका वेळी एकच सूचना, तीही फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली. दहा बदल एकदम केले तर कशानं फरक पडला ते कळत नाही. मधली सुट्टी काढून घेण्याची शिक्षा तर सगळ्यात उलटी. ज्याला हलायची गरज आहे त्याचंच हलणं बंद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अध्ययन अक्षमता लवकर ओळखण्याची जबाबदारी मान्यताप्राप्त शाळांवर टाकली आहे, पण पहिल्याच भेटीत कलमं काढली तर बाई सावध होतात आणि रेघा थांबतात. भेटीनंतर तीन ओळींचा ईमेल पुरतो: काय ठरलं, कोण काय करणार, पुन्हा कधी भेटायचं. सहा आठवड्यांनी त्याच वर्तनाच्या रेघा पुन्हा मोजा. कमी झाल्या असतील तर बदल चालू ठेवा. नसतील तर दोन्ही वह्या घेऊन तज्ज्ञाकडे जा.