पोटात घालणं की पाठीशी घालणं? सिंधूच्या जबाबाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ हे नाटक बसवायला घेतलं की तालीम शेवटी पाचव्या अंकावर अडते. दारूवर कुणी वाद घालत नाही, वाद होतो तो दारुड्या सुधाकरच्या बायकोवरून, सिंधूवरून. नवऱ्याच्या हातून मूल गेलंय, ती स्वतः मरणाला टेकलीय आणि पोलिसांसमोर ती नवऱ्यावर ठपका येणार नाही असाच जबाब देते. मागे एका हौशी संस्थेच्या तालमीला बसलो होतो. दिग्दर्शक नटीला सांगत होता, ‘तिनं सगळं पोटात घातलंय, तसं म्हण.’ चहाची किटली घेऊन आलेल्या मावशी दारातच थबकल्या. ‘पोटात घातलं म्हनं! आन् मेलंय कोन? पोरगंच न्हवं?’ नटीनं संहिता मिटली. दिग्दर्शकानं आधी चहा घेऊ म्हटलं.

मावशींनी नेमकं बोट ठेवलं ते शब्दावर. आपल्या माणसाचा गुन्हा बघून न बघितल्यासारखं करायला मराठीत बरीच क्रियापदं आहेत. काणाडोळा करणाऱ्याला दिसलेलं नको असतं. पांघरूण घालणारा चारचौघांना भीत असतो. पाठीशी घालणारा गुन्हेगार आणि जाब विचारणारा यांच्या मधे जाऊन उभा राहतो. ही तिन्ही आपण नावं ठेवायला वापरतो. कौतुकाचं एकच, पोटात घालणं. अंबाबाईपुढं हात जोडतानाही ‘चुकलंमाकलं पोटात घाल’ असंच म्हणतो, ‘पाठीशी घाल’ म्हणत नाही. पण या शब्दाला एक अट आहे आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. अपराध ज्याचा झाला, त्यानंच तो पोटात घालायचा. सिंधूनं स्वतःला बसलेला मार पोटात घातला तर तो तिचा अधिकार. मुलाचा जीव गेला, तो मात्र तिच्या पोटात मावणारा नाही; तिथं ती नवऱ्याला पाठीशी घालते. नाटकात दोन्ही गोष्टी एकाच जबाबात येतात आणि टाळ्या मात्र पहिलीच्या नावावर पडत आल्या. प्रेमानं ती आंधळी झाली, हे उत्तर मला म्हणूनच पटत नाही. तिला सगळं दिसतंय. घरात जे झालं त्याला गुन्हा म्हणायला ती तयार नाही, एवढंच.

या चर्चेत गांधारीपर्यंत मागं जायची रीत आहे. दाखला तितकासा लागू पडत नाही. तिनं डोळ्यांवर पट्टी बांधली ती नवरा आंधळा म्हणून, मुलांचे अपराध दिसू नयेत म्हणून नव्हे. दुर्योधन आशीर्वाद मागायला आला तेव्हाही ‘धर्म असेल तिकडे जय’ याच्यापुढं ती गेली नाही.

खरी गंमत १९१९ सालात आहे. नाटकाचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्यात झाला. नाटककार त्याच्या महिनाभर आधी गेले होते. सिंधू उभी केली पुरुष नटानं, म्हणजे सोसणाऱ्या बाईचा आदर्श लिहिणारा पुरुष आणि वठवणाराही पुरुषच. त्याच वर्षी इकडं कोल्हापूर संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला. ही दोन १९१९ शेजारी ठेवून बघायला हवीत. कायदा धरून चालतो की घरातला जुलूम कुणीतरी सरकारपर्यंत नेईल. नाटकात तो सांगायची वेळ येते आणि सिंधू सांगत नाही. आपल्या गावानं कायद्याचा अभिमान बाळगला, पण डोळे पुसले ते सिंधूसाठी.

पुढं हाच जबाब रंगमंचावरून इस्पितळातल्या खाटेवर आला. जळालेल्या बाईच्या तोंडचं ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य सत्तर-ऐंशीच्या दशकांत वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ नं मृत्यूपूर्व जबाबाला वजन दिलं, मरणाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही या समजावर. सिंधूनं त्या समजाला आधीच सुरुंग लावला होता. १९८३ मध्ये नवऱ्याकडून आणि सासरकडून होणाऱ्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं, २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा. त्यानंतर माझ्या बघण्यातल्या एकांकिकांमधून गप्प बसणारी बायको कमी होत गेली. तिच्या जागी आई आली. पोरानं कुणाचा तरी जीव घेतलाय आणि ती त्याचा रक्ताचा सदरा पहाटे परसात धुतेय.

दंडसंहितेनं मात्र बायको आणि आई यांच्यात फरक केला आहे. १८६० च्या संहितेच्या कलम २१२ प्रमाणं गुन्हेगाराला आसरा देणं गुन्हा, पण नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला लपवलं तर सूट. पुरावा नाहीसा करणं किंवा गुन्हेगाराला वाचवायला खोटी माहिती देणं कलम २०१ मध्ये येत होतं आणि तिथं ही सूट नव्हती. म्हणजे सिंधूनं सुधाकरला माळ्यावर लपवला असता तर कायद्यानं मान वळवली असती. जबाब दिला म्हणून ती अडकली असती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली आणि २१२ चं २४९ झालं. जोडीदाराची सूट तशीच राहिली. आईला ती तेव्हाही नव्हती, आजही नाही.