जिल्हा परिषदेच्या शाळेला नवी वर्गखोली हवी आहे? प्रस्ताव, पात्रता आणि कागदपत्रे

स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात, पावसाळ्यात चौथीचा वर्ग व्हरांड्यात भरतोय आणि गावात एकच उत्तर ऐकू येतं: निधी नाही. कधी ते खरं असतं. पण अनेकदा प्रस्तावच तालुक्याच्या पुढे गेलेला नसतो. कागद अपुरे म्हणून तो परत येतो, शाळेच्या कपाटात जातो आणि मुख्याध्यापकांची बदली झाली की कुणालाच आठवत नाही.

म्हणून पैशांच्या आधी कागदांबद्दल.

किती खोल्या मागता येतात?

पाच इयत्ता म्हणजे पाच खोल्या, असं गावात सरसकट धरलं जातं. नियम तसा नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली आणि शिवाय कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक यांच्यासाठी एक खोली असं म्हटलंय. त्याच अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३ आणि ९१ ते १२० ला ४. पट ९५ असेल तर ४ वर्गखोल्यांचा हक्क बसतो. प्रत्यक्षात अधिकारी तुमच्या शाळेची संचमान्यता (शाळेला किती शिक्षकपदं मंजूर आहेत त्याचा आदेश) बघतात, त्यामुळे तिची प्रत प्रस्तावाला पहिल्यांदा लावा. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, उतार (रॅम्प), स्वयंपाकघर, मैदान, कुंपण हेही त्याच कायद्यात आहे. खोलीचा प्रस्ताव करताना यातलं काय नाही तेही लिहून टाका.

वस्तीवर नवीन शाळाच हवी असेल तर मार्ग वेगळा. तिथे पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा आहे का ते पाहतात आणि मान्यता शासनाकडून लागते. या लेखात चालू शाळेच्या खोलीपुरतंच बोलतो.

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीतून

या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचं कायद्याने ठरवलेलं काम आहे. आराखड्यात खोलीची मागणी नसेल तर पुढचं सगळं लंगडं पडतं. आधी समितीचा ठराव, मग ग्रामसभेचा ठराव. पुढच्या ग्रामसभेची तारीख ग्रामपंचायतीत विचारून घ्या. विषय आधीच विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. ऐनवेळच्या विषयात घुसवलेला ठराव नंतर वादात सापडतो.

जिथे प्रस्ताव अडतो

मी समितीवर असताना आमचा प्रस्ताव परत आला, तो यू-डायसमुळे, म्हणजे शाळांची माहिती दरवर्षी भरली जाते त्या सरकारी नोंदीमुळे. वर्गात छताचे पोपडे मुलांच्या वह्यांवर पडत होते आणि माहितीत मात्र ती खोली ‘चांगल्या स्थितीत’ नोंदलेली. आदल्या वर्षीचा तक्ता तसाच पुढे उतरवला होता, बाकी काही नाही. एका चुकीच्या खुणेपायी आमचं एक वर्ष गेलं. जिल्ह्याची मागणी यू-डायसच्या आकड्यांवरून वर जाते. शाळेचा ११ अंकी क्रमांक घेऊन मुख्याध्यापकांसोबत बसा आणि प्रत्येक खोलीची नोंद डोळ्यांनी बघा. संदर्भ तारीख ३० सप्टेंबर असते, तेव्हा हे काम त्या सुमारासच करा.

दुसरी अडचण जागेची. शाळा पन्नास वर्षं उभी असते, पण उतारा भलत्याच्याच नावावर. आजोबांनी तोंडी दिलेली जमीन नातवांच्या सातबाऱ्यावर असते आणि बांधकाम सुरू व्हायच्या वेळी हरकत येते. जागा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, खासगी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र आणि त्यानंतर फेरफार. नुसतं संमतिपत्र पुरेसं समजू नका.

तिसरी, जुनी खोली पाडण्याची, म्हणजे निर्लेखनाची. त्याच जागेवर बांधायचं असेल तर आधी बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा पाहणी अहवाल आणि मग जिल्हा परिषदेची निर्लेखन मंजुरी लागते. मंजुरीशिवाय गावाने पाडापाड करू नये. पण मुलांना त्या खोलीतून बाहेर काढायला कुठल्याच मंजुरीची गरज नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीच्या शाळेची खोली कोसळून ३ मुलं गेली. तडे दिसताहेत तर त्याच दिवशी कुलूप लावा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा.

बाकीचे कागद सोपे आहेत: तारखेसह फोटो, जागेचा हातनकाशा, तीन वर्षांचा पट, अभियंत्यांनी केलेलं अंदाजपत्रक आणि हे काम दुसऱ्या योजनेतून मंजूर नसल्याचा दाखला. हा शेवटचा दाखला बऱ्याच जणांकडून राहतो.

पैसा कुठून येतो

प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडून गटशिक्षणाधिकारी आणि तिथून शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जातो. पुढे मुख्य वाटा दोन. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के, मागणी वार्षिक कार्ययोजनेतून जाते. दुसरी वाट जिल्हा वार्षिक योजनेची. ती जिल्हा नियोजन समितीकडून येते. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असतात. माझ्या अनुभवात एक-दोन खोल्यांसाठी ही वाट जवळची. आमदार-खासदार निधी आणि जिल्हा परिषदेचा सेस (तिचा स्वतःच्या उत्पन्नातला निधी) हेही आहेत, मात्र कागद तयार नसतील तर तिथे नुसतं आश्वासन मिळतं. स्वच्छतागृह आणि पाण्यासाठी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोग निधीचा बंधित (ठरावीक कामांसाठीच राखलेला) भाग वापरता येतो, त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधीच असायला हवं.

निधी ठरल्यावर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. कुठे अडकलंय ते कळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘प्रस्तावाची सद्यःस्थिती व टिपणीची प्रत’ एवढंच मागा.

काम सुरू झाल्यावर

अंदाजपत्रकाची प्रत समितीकडे ठेवा. स्लॅब टाकताना एक तरी पालक हजर असावा. आणि स्लॅबवर वाफे करून पाणी साठवलंय की नाही ते रोज संध्याकाळी बघा, किमान १० ते १४ दिवस. कोरडा पडलेला स्लॅब पुढे गळतोच. गळती, तडे राहिले असतील तर ताबा घेताना लेखी नोंद करा, दोष दायित्व कालावधीत (काम झाल्यावर दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते ती मुदत) ठेकेदाराला ते दुरुस्त करून द्यावे लागतात.

पूर्णत्वाचा दाखला हाती आला की नवी खोली यू-डायसमध्ये आणि नमुना ८ मध्ये चढवा. पाडलेल्या खोलीची जुनी नोंदही त्याच वेळी काढून टाका, नाहीतर पुढच्या मागणीच्या वेळी तुमच्या शाळेत एक खोली जास्तच दिसेल.