दीर्घकालीन वेदना आणि मोफत उपचार : महाराष्ट्रातील व्यवस्थेची पार्श्वभूमी

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. आमवात, झिजलेले गुडघे, वर्षानुवर्षे न सोडणारी कंबरदुखी, नसांचे दुखणे आणि कर्करोगाच्या वेदना, हे सारे तिच्यात येते. अशा रुग्णाला शस्त्रक्रिया क्वचितच लागते. त्याला दर महिन्याला तपासणी, रोजची गोळी, नियमित व्यायामोपचार आणि आपली हकिकत माहीत असलेला डॉक्टर लागतो. महाराष्ट्रात परवडणाऱ्या उपचारांची परंपरा जुनी आणि मोठी आहे. तरीही ती खाट आणि शस्त्रक्रिया यांच्याभोवती वाढत गेल्यामुळे, खाटेवर दाखल न होणारा हा रुग्ण तिच्या कडेलाच राहिला.

सुरुवात दानातून झाली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभे राहिलेले मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले आणि डेव्हिड ससून यांच्या देणगीतील पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ साली. १९२६ साली मुंबई महापालिकेचे के. ई. एम. रुग्णालय रुग्णांसाठी खुले झाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचारांना मुकता कामा नये, असे तत्त्व मांडले. पुढे उभ्या राहिलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पाठीशी हाच विचार होता. पण त्या पिढीपुढे प्लेग, देवी, हिवताप, क्षयरोग आणि बाळंतपणातील मृत्यू हे प्रश्न होते. दुखणे हे रोगाचे लक्षण, रोग बरा झाला की तेही जाईल, अशीच तेव्हाची समजूत होती.

या इतिहासात १९८५ हे वर्ष दोनदा येते. त्या वर्षी राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात ‘४१ कक’ हे कलम घालण्यात आले आणि विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांवर गरीब रुग्णांना सेवा देण्याची जबाबदारी आली. बरीच वर्षे ती कागदावरच राहिली. अखेर एका जनहित याचिकेनंतर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्यासाठी योजना ठरवून दिली : १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात आणि देयकांच्या रकमेतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपयांपर्यंत आली. या तरतुदीने असंख्य कुटुंबांना कर्जातून वाचवले आहे. मात्र तिचा हिशेब खाटांवर चालतो आणि दुखऱ्या पाठीने दर महिन्याला येणारा माणूस त्या हिशेबात सहज बसत नाही.

त्याच १९८५ साली केंद्राने अमली पदार्थविरोधी कायदा केला. व्यसन आणि तस्करी रोखणे हा त्याचा हेतू होता, पण मॉर्फिन हे अफूपासून बनणारे तीव्र वेदनाशामक ठेवणाऱ्या रुग्णालयाला वेगवेगळ्या खात्यांचे अनेक परवाने लागू लागले आणि नोंदीतील चुकीलाही कठोर तुरुंगवासाची भीती चिकटली. औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९९७ पर्यंत देशातील त्याचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घटला होता. मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती, तिच्यापासून बनणारे औषध परदेशी रुग्णांपर्यंत पोहोचत होते आणि आपल्याकडे कर्करोगाचे रुग्ण घरोघरी तळमळत होते. या गोष्टीची वेदना आजही कमी होत नाही. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि परवान्यांची गुंतागुंत कमी करण्याचा मार्ग मोकळा झाला. कंबरदुखी किंवा सांधेदुखीवर मॉर्फिन हा नेहमीचा उपाय नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पण डॉक्टरांच्या दोन-तीन पिढ्या वेदनाशमनाचे पुरेसे शिक्षण न घेता बाहेर पडल्या, त्याचे परिणाम सर्वच वेदनाग्रस्तांनी भोगले.

त्या कोंडीतही काही दारे उघडली. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झाले. असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठीची देशातील ती पहिली शुश्रूषा संस्था होती. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला या औषध कंपनीच्या केंद्रात कर्करोगाच्या रुग्णांची परिहार सेवा, म्हणजे त्रास आणि वेदना कमी करणारी शुश्रूषा, विनामूल्य होते. हाडे, स्नायू आणि अपंगत्वाच्या रुग्णांसाठी मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावकऱ्यांच्या कंबरदुखीची दखल घेतली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वाकून रोवणी आणि निंदण करणाऱ्या बाईची कंबर हा आरोग्याचा प्रश्न आहे, हे त्यातून मान्य झाले.

विमा योजनांचा टप्पा नंतरचा. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढल्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाऊ लागली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण आता ५ लाखांवर गेले आहे. तिची रचना मात्र ठरावीक उपचार आणि शस्त्रक्रियांच्या यादीवर आहे. सांधा बदलायची वेळ येण्यापूर्वीची दहा वर्षे तिच्या कक्षेबाहेरच राहतात.

ही दहा वर्षे कशी जातात, ते कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी आठ वाजता दिसते. कापडी पिशवीत गुंडाळलेले एक्स-रे, कडा फाटलेले जुने केसपेपर, रेशनकार्डाची झेरॉक्स, आणि बसवत नाही म्हणून बाक सोडून भिंतीला टेकून उभी असलेली बाई. तपासणी होते, चार गोळ्या आतल्या खिडकीवर मिळतात आणि पाचवीसाठी बाहेरची चिठ्ठी हातात पडते. अशा वेळी समाजसेवा अधीक्षकांना भेटले, तर धर्मादाय निधीची किंवा एखाद्या विश्वस्त संस्थेची मदत मिळू शकते. पण त्यांचे दालन कुठे आहे, हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात नव्हती. नेहमीच्या गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रांचा आधार २००८ पासून आहे. व्यायामोपचार मात्र अजूनही मुख्यतः शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एकवटलेला आहे. त्यासाठी आठवड्यातून दोनदा तालुका ओलांडायचा, तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी रुग्णालाच सोसावी लागते.