चार्जिंग स्टेशनवर आपल्या कंपनीचं नाव नसेल, तर गाडी चार्ज होत नाही का?

‘ज्या कंपनीची गाडी, त्याच कंपनीचा चार्जर लागतो’ हा निरोप बरीच वर्षं फिरतोय. भारतातल्या आजच्या बहुतेक सगळ्या इलेक्ट्रिक कारना तो लागू होत नाही.

खात्री घरीच करता येते. चार्जिंगचं झाकण उघडा. वर सात छिद्रांचा गोलसर भाग आणि खाली दोन जाड छिद्रं दिसली, तर तो सीसीएस-2 हा प्लगचा प्रकार. वरचा भाग एसी, म्हणजे घरच्यासारख्या विजेवरच्या हळू चार्जिंगचा; त्याला टाइप-2 म्हणतात. खालची दोन छिद्रं डीसी फास्ट चार्जिंगची. चार्जरवर सीसीएस-2 लिहिलं असेल, तर फलक कुणाचाही असो, प्लग बसतो. जुन्या काही गाड्यांना जीबी/टी प्लगचा 15 किलोवॅटचा डीसी चार्जर लागायचा. बहुधा गैरसमज तिथूनच रुजला.

वेग मात्र गाडी ठरवते. 60 किलोवॅटच्या चार्जरवर जास्तीत जास्त 50 किलोवॅटने चार्ज होणारी गाडी 50 च्या वर जात नाही, आणि बॅटरी 80 टक्के भरल्यानंतर तर वेग आणखी उतरतो.

खरी अडचण पैसे भरण्याची आहे. प्लग एकच, पण ॲप अनेक, आणि बऱ्याच ठिकाणी वॉलेटमध्ये आधी पैसे भरावे लागतात. महामार्गावर मोबाइलला रेंज नसेल तर ओटीपीच येत नाही. म्हणून वाटेतल्या स्टेशनांची ॲप घरूनच नोंदवून ठेवा. काही शोरूमचे चार्जर फक्त त्यांच्या ग्राहकांसाठी असतात, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून विचारा.